आदिवासी मुलं असलेली, आजच्या काळातली गोष्टीची पुस्तकं सुचवा

रानजाई

नमस्कार मंडळी, मदत हवीये. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत दर शनिवारी लायब्ररी चालवतो. पत्र्याच्या ट्रंका, सतरंज्या आणि शाळेचा व्हरांडा एवढ्यावर चालतं सगळं, पण पोरं पुस्तकांवर अक्षरशः तुटून पडतात. पुस्तकं बहुतेक ठाणे, डोंबिवली, पुण्याहून लोकांनी मायेने दिलेली आहेत. त्यात राजा-राणी आहेत, परी आहे, ससे-हत्ती-कोल्हे तर ढिगाने, शिवाय सोसायटीच्या गेटजवळ क्रिकेट खेळणारी, सुट्टीत आजोळी जाऊन आंबे खाणारी, वाढदिवसाला केक कापणारी मुलं आहेत. आमच्याकडे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी पोरं आहेत आणि त्यांच्यासारखं एक पोरगं या सगळ्या गठ्ठ्यात सापडत नाही. सापडलंच तर जंगलातला भिल्ल म्हणून, जो वाट चुकलेल्या राजपुत्राला रस्ता दाखवतो आणि पुढच्या पानावर गायब होतो.

हे डोक्यात आधीपासून होतं पण परवा एका चौथीतल्या मुलीने बोटच ठेवलं त्यावर. चांगलं जाड कागदाचं चित्रांचं पुस्तक होतं, प्रत्येक पानाला वारली चित्रांची बॉर्डर, तारपा वाजवणारा, फेर धरून नाचणाऱ्या बाया, सगळं. तिने बॉर्डरवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बाई हे तर आमच्या लग्नाच्या चौकातले, मग गोष्ट त्यांची का नाय? गोष्ट पुण्यातल्या मुलाच्या हरवलेल्या सायकलची होती. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मला लोककथांचे संग्रह नकोत असं नाही, ते आहेत, पण लोककथा म्हणजे कधीकाळची गोष्ट. मला आत्ताची हवीत. नागलीची भाकर खाऊन शाळेत येणारं, एसटीची वाट बघणारं, मोबाईलवर रील बघणारं, भांडणारं, खोड्या करणारं आदिवासी पोरगं हवंय. आणि प्लीज सगळीच गरिबी-व्यसन-शाळा सुटली अशी नकोत, ते त्यांना पुस्तकातून कळायची गरज नाही. मराठीत असेल तर उत्तम, हिंदी-इंग्रजीतलं असेल तर आम्ही वाचून सांगू. भटक्या-विमुक्तांतली, मुसलमान घरातली मुलं असलेलीही सांगा, कारण नुसतं आमच्याच पोरांना स्वतःसारखं सापडून भागत नाही, बाकीचीही दिसायला पाहिजेत त्यांना. बजेट थोडंच आहे.

---

पाटीपेन्सिल

ताई, मी तलासरीकडे झेडपीच्या शाळेवर आहे, बरीच वर्षं याच पट्ट्यात गेली. तुम्ही म्हणता तसली पुस्तकं बाजारात शोधून मीही थकलो. थोडी आहेत ती सांगतो पण आधी खरं सांगतो, सगळ्यात जास्त वाचली जाणारी पुस्तकं आमच्याकडे पोरांनी स्वतः केलेली आहेत.

पद्धत सोपी आहे. ए-फोरचे दोन कागद मधे दुमडले की आठ पानं होतात, वर कार्डशीटचं कव्हर, मधे दोन पिना. पोराला आधी लिहायला लावायचं नाही, तोंडी सांगू द्यायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, कारण लिहायला बसलं की त्याच्या अंगात निबंध येतो, पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे वगैरे. तेच पोर तोंडी सांगायला लागलं की पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन काकासोबत खेकडे धरायला गेलं होतं ते सांगतं, बिळात हात कुठून घालायचा, नांगी कुठे दाबून धरायची म्हणजे चावत नाही, काकाच्या बोटाला कसा लोंबकळला आणि काका कसा नाचला. मग ते रेकॉर्डिंग ऐकून एकेका पानाला एकदोन वाक्यं, जशी त्याने सांगितली तशीच, त्याच्या बोलीत. खाली बारीक अक्षरात प्रमाण मराठी. चित्र त्याचं. कव्हरवर त्याचं पूर्ण नाव, लेखक आणि चित्रकार म्हणून. आमच्याकडचं खेकड्याचं पुस्तक इतकं हाताळलं गेलंय की कव्हर दोनदा बदललं. दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन त्यातली चूक काढतात, असा नाय धरत खेकडा म्हणून, आणि मग त्यांचं वेगळं पुस्तक होतं.

एक कळकळीची विनंती, त्या बोलीला हात लावू नका. शुद्धलेखन बघायचा मोह फार होतो, मास्तर लोकांना तर जास्तच. पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला आपली पुस्तकी मराठी जवळपास परकी असते, आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा हे तर घटनेतच लिहिलंय, कलम ३५० क, १९५६ पासून आहे ते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या १९५७ साली, पोरं गुरं सोडून शाळेत येईनात तर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. बिया, पानं, शंख-शिंपले हेच शिकायचं साहित्य. आपल्याच जिल्ह्यात हे होऊन गेलंय आणि आपण मात्र छापील पुस्तकापुढे हात टेकतो.

छापील हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, आणि लायसन असं आहे की भाषांतर करून पुन्हा छापायलाही परवानगी लागत नाही, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. ओडिशातल्या सौरा, मुंडा, कुई, जुआंग या भाषांतल्या गोष्टी प्रथमने तिथल्याच लोकांकडून लिहून-काढून घेतल्या होत्या. महाश्वेतादेवींचं मोयनाच्या गोष्टीचं पुस्तक पण घ्या, शबर जमातीतली पोरगी, प्रत्येक गोष्टीला का का करून मोठ्यांचं डोकं खाते. आमच्या पोरींना ती फार आवडते कारण ती बापडी नाहीये, आगाऊ आहे.

---

सह्यकडा

विषय चांगला आहे पण मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. मुलांना प्रत्येक पुस्तकात आपल्या जातीजमातीचं कोण आहे हे शोधायला लावायचं का? मी साताऱ्याकडच्या छोट्या गावात वाढलो, वडील लोकवाङ्मय प्रकाशनाच्या पुस्तकांच्या गाडीवरून रशियन पुस्तकं आणायचे, मराठीत भाषांतर केलेली, गुळगुळीत कागद, पाच-दहा रुपयांत. त्यातल्या पोरांची नावं धड उच्चारता यायची नाहीत, बर्फ मी कधी बघितला नव्हता, तरी मी त्यांच्यासोबत बर्फात घसरलो, समोवारचा, म्हणजे त्यांच्या चहाच्या बंबातला चहा प्यायलो. मला कधी वाटलं नाही की यात सातारचा मुलगा का नाही. गोष्ट चांगली असली की मूल त्यात शिरतंच. आपण मोठी माणसंच त्याला सांगतो की हे तुझं आणि हे परक्याचं. आदिवासी मुलांनाही जगातलं उत्तम ते द्या, त्यांना त्यांच्या पाड्यातच पुन्हा का बसवायचं, एवढंच म्हणणं आहे.

---

हडसनकाठ

सह्यकडा, तुमचा मुद्दा मनापासून आलाय म्हणून सविस्तर लिहिते. मी न्यू जर्सीत मुलांच्या शाळेच्या लायब्ररीत व्हॉलंटियर आहे आणि हा वाद इथे साठ वर्षं चाललाय.

१९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक नावाच्या बाईंनी एक लेख लिहिला. १९६२ ते ६४ या तीन वर्षांत अमेरिकेत निघालेली मुलांची ५२०६ पुस्तकं त्यांनी धरली आणि त्यात चित्रात किंवा मजकुरात एक तरी काळं माणूस आहे अशी किती, तर ३४९. सात टक्केही नाहीत. आणि लेखाची सुरुवात अगदी रानजाईंच्या शाळेतल्या मुलीसारखीच आहे, पाच वर्षांची एक काळी मुलगी पुस्तकावरून नजर टाकून विचारते की ही नेहमी गोरीच मुलं का असतात. कोणी तिला शोधायला लावलं नव्हतं, तिला दिसलं. मुलांना दिसतंच हो.

तुम्ही बर्फात घसरलात कारण घरी परत यायला तुमची जागा शाबूत होती. तुमच्या बालभारतीत शेत होतं, बैलपोळा होता, तुमच्यासारखी नावं होती, मासिकात होतं, कॅलेंडरवर होतं. रशियन पुस्तक ही तुमची सहल होती. ज्या मुलाला कुठल्याच पुस्तकात घर नाही त्याची ती सहल होत नाही, ते कायमच दुसऱ्याच्या घरी पाहुणं असतं. रुडीन सिम्स बिशप म्हणून काळ्या प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० मध्ये मांडलं की पुस्तक मुलाला आरसा पण हवं आणि खिडकी पण. एका प्रकारच्या मुलांना नुसते आरसे आणि दुसऱ्यांना नुसत्या खिडक्या मिळाल्या की नुकसान दोघांचं होतं, कारण आरसेवाल्याला वाटायला लागतं जग म्हणजे मीच. त्यामुळे ठाण्यातल्या मुलालाही मोखाड्याचं पुस्तक लागतंच, किंबहुना जास्त लागतं.

आणि हे आपोआप सुधारत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातलं एक केंद्र १९८५ पासून मुलांची पुस्तकं अशी मोजतंय. पहिल्या वर्षी साधारण अडीच हजार पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची फक्त १८ निघाली. २०१८ च्या मोजणीत मुख्य पात्र गोरं असलेली ५० टक्के, प्राणी आणि बाहुल्या-गाड्या वगैरे २७ टक्के, आणि काळी, आशियाई, लॅटिनो, तिथली मूळ आदिवासी अशी सगळी मुलं मिळून २३. म्हणजे सशा-अस्वलांना जास्त जागा. मूळ आदिवासी एक टक्का, आणि त्यांची तक्रार तर रानजाईंचीच आहे, डेबी रीज या नांबे पुएब्लो जमातीच्या अभ्यासक कितीतरी वर्षं सांगतायत की आम्हाला फक्त भूतकाळात दाखवतात, पिसं लावून, जणू आम्ही संपलो. इंग्लंडमध्ये मोजणी २०१८ ला पहिल्यांदा झाली, आदल्या वर्षीच्या नऊ हजारांवर पुस्तकांत गोरी नसलेली पात्रं ४ टक्के पुस्तकांत होती आणि मुख्य पात्र फक्त १ टक्क्यात.

मराठीत असं कोणी मोजत असेल तर मला फार वाचायला आवडेल. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आदिवासी एक कोटी पाच लाख होते, नऊ टक्क्यांच्या वर. आपल्या घरातलं पुस्तकांचं कपाट उघडून बघा.

अजून एक, हे आमच्या इथल्या मराठी लोकांना उद्देशून आहे. आमच्या मुलांना शाळेत दिवाळी आणि डब्यातला वास यापलीकडे पुस्तकात जागा मिळत नाही म्हणून आम्ही लायब्ररीत पत्रं लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण तीच मंडळी भारतातून येताना मुलांसाठी जी मराठी पुस्तकं आणतात त्यात एकाच प्रकारच्या घरातली, एकाच प्रकारच्या आडनावांची मुलं असतात आणि ते कोणाला खटकत नाही. इथे हक्क मागताना आपण जे बोलतो ते तिथेही लागू आहे.

---

सतारगल्ली

रानजाई तुम्ही मुसलमान घरातल्या मुलांचं विचारलंत म्हणून लॉगिन केलं, एरवी नुसती वाचते इथे. मी मिरजेची, शिक्षण पूर्ण मराठी माध्यमात, वाचनालयातलं एकूण एक पुस्तक वाचून काढलेली मुलगी. आणि माझ्या वाट्याला काय आलं तर महाराजांच्या सैन्यातला इमानी सरदार, किंवा ईदच्या दिवशी मित्राला शीरखुर्मा देऊन एकात्मता शिकवणारा सलीम. सलीमला गोष्टीत दुसरं कामच नसायचं. त्याचा बॉल कधी शेजाऱ्याच्या गच्चीवर गेला नाही, त्याला गणितात कमी मार्क पडले नाहीत, त्याला भूत दिसलं नाही, त्याने कधी चोर पकडला नाही. तो यायचा, खीर द्यायचा आणि जायचा. आणि चित्रात कायम जाळीची टोपी, आई बुरख्यात, घरातसुद्धा! माझी अम्मी घरात बुरखा घालून भाकरी थापत नव्हती हो, गाऊन घालून थापायची, सगळ्यांच्या आया घालतात तसा.

आता मी माझ्या भाच्याला रात्री गोष्टी सांगते त्या आमच्याच गल्लीतल्या बनवून सांगते. मिरजेत सतारी-तानपुरे बनवणारी घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या तेच काम. भोपळे पंढरपूरकडून येतात, जाड सालीचे, खायचे नव्हेत. ते वाळवून, आतलं सगळं खरवडून काढून, मग कापायचे. कुठला भोपळा तानपुऱ्याचा आणि कुठला सतारीचा हे जाणती माणसं हात फिरवून, टिचकी मारून सांगतात. माझ्या गोष्टीतला मुलगा चुकीच्या भोपळ्यावर टिचकी मारतो आणि तिथून सगळा घोटाळा सुरू होतो. त्यात दर्गा येतो, मीरासाहेबांच्या उरसातलं गाणं येतं, शेजारच्या कुलकर्णी काकू येतात, पण कोणी कोणाला एकात्मता शिकवत नाही, सगळे भोपळा शोधत असतात. भाचा रोज पुढचा भाग मागतो.

राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान आहेत, त्यातली कितीतरी मुलं मराठी शाळेत आहेत. मराठी आमचीही वाचायची भाषा आहे हे बालसाहित्य लिहिणाऱ्यांनी धरून चालावं, एवढंच. धडा नको, गोष्ट द्या.

---

रानजाई

सतारगल्ली, भोपळ्याची गोष्ट लिहून काढा ना प्लीज, अगदी मोबाईलवर बोलून दिलीत तरी चालेल, आम्ही उतरवून घेऊ. पाटीपेन्सिल सर, खूप आभार, या शनिवारपासून रेकॉर्डिंग सुरू. एक विचारायचं होतं, चित्रं पोरांकडून काढून घेतली की बरीचशी आपोआप वारली पद्धतीची त्रिकोणी माणसं काढतात, विशेषतः कोणी पाहुणे येणार असले की. त्यांना शिकवलंय तसं. ते राहू द्यायचं का?

---

चित्रकाठी

याच्यावर मी बोलू शकते, मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, हेच पोटापाण्याचं काम.

रानजाई, राहू द्या पण तेवढंच नको. वारली चित्रं ही मुळात लग्नाच्या वेळी घरातल्या सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची गोष्ट, देवचौक म्हणजे लग्नाचा चौक आणि त्यात पालघट देवी. जिव्या सोमा मशेंनी ती कागदावर आणली, त्यात रोजचं जगणं आणलं, जाळी टाकणारा कोळी, मुंग्या, आगगाडीसुद्धा. २०११ ला पद्मश्री मिळाली त्यांना. म्हणजे ती त्यांची भाषा आहे आणि त्यात आजचं काहीही सांगता येतं. पण बाहेरच्यांनी तिचा शिक्का केलाय. गोष्टीत आदिवासी मूल आलं की प्रकाशकाच्या ब्रीफमध्येच, म्हणजे चित्रांसाठीच्या सूचनांतच लिहिलेलं असतं, वारली स्टाइल चालेल. त्रिकोणी माणसाला चेहरा नसतो. बाकीच्या पात्रांना डोळे, गाल, हसू, आणि या एका मुलाला नुसता गोल. मूल रुसलंय की घाबरलंय की खोटं बोलतंय हे चेहऱ्यावर दिसतं, तेच काढून घेतलं की ते पात्र राहत नाही, नक्षी होते. त्यामुळे पोरांना विचारा, याचा चेहरा काढशील का? ती काढतात, आणि फार भारी काढतात.

रंगाचंही बोलते. एका प्रकाशकाकडे मी पारधी मुलीची गोष्ट करत होते, मुलगी सावळी काढली, तर निरोप आला की छपाईत काळपट येईल, जरा उजळ करा. छपाईत काही काळपट येत नाही, शाईचं प्रमाण नीट दिलं की सावळा रंग सुंदर येतो. मी तीनही वेळा तोच रंग पाठवला आणि शेवटी तसंच छापलं गेलं. कपड्यांचंही तसंच, गरीब मूल म्हटलं की शर्टाला ठिगळ. मी आत्ता कुठल्याही पाड्यावर जाऊन बघते तर पोरांच्या अंगात फुटबॉलच्या टीमचे टीशर्ट असतात, शाळेचा गणवेश असतो, पायात प्लास्टिकच्या चपला. ठिगळ आमच्या डोक्यात आहे, लहानपणी बघितलेल्या चित्रांमुळे.

प्रकाशकांची अडचणही खरी आहे, रंगीत पुस्तक सोळा पानी फर्म्याच्या हिशेबाने छापायचं, प्रती कमी काढल्या तर किंमत परवडत नाही आणि जास्त काढल्या तर गोदामात पडून राहतात, मग विकत घेणाऱ्या शहरी आईबापांना ओळखीचं वाटेल तेच पुन्हा पुन्हा निघतं. पण मार्ग काढणारे आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने गोंड चित्रकारांसोबत वर्षानुवर्षं पुस्तकं केली, भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम यांची नावं कव्हरवर असतात, आभाराच्या पानावर नाही. भज्जू श्याम लंडनला जाऊन आले आणि त्यांनी लंडनच गोंड नजरेने काढलं, मेट्रो म्हणजे जमिनीखालचं गांडूळ, बिग बेन म्हणजे कोंबडा कारण दोघंही वेळ सांगतात. तिथे बघणारा तो आहे आणि दिसणारे आपण नाही, इंग्रज आहेत! असं मराठीत वारली चित्रकाराने दादर स्टेशनचं पुस्तक केलं तर मी पहिली प्रत घेईन. पैसे आणि नाव मात्र त्याचं हवं, शैली उचलून दुसऱ्याने काढलेलं नको.

---

पालावरचा

मी पारधी समाजातला आहे, बीडकडचा, आता पुण्यात नोकरीला. वरचं सगळं वाचलं. पारधी मुलीची गोष्ट सावळ्या रंगात निघाली हे वाचून बरं वाटलं.

मला शाळेत असताना गोष्टीच्या पुस्तकात पारधी एकदाच भेटला, तो जाळं लावतो आणि कबुतरं जाळ्यासकट उडून जातात. वर्गातली पोरं माझ्याकडे बघून हसली. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला, पण गोष्टीतला चोर, मुलं पळवणारी बाई, पालात राहणारी संशयी माणसं, ही अजून तिथेच आहेत. लहानपणी वाचलेलं पुसलं जात नाही, मोठेपणी तोच मुलगा पोलीस होतो, मास्तर होतो, घरमालक होतो. भाड्याने खोली बघायला जातो तेव्हा मला ती कबुतरांची गोष्ट आठवते, खोटं नाही सांगत.

सह्यकडा म्हणतात पाड्यातच पुन्हा का बसवायचं. भाऊ, आम्हाला पाड्यात बसवा असं कोणी म्हणत नाहीये. आम्हाला पण राजपुत्र करा, डिटेक्टिव्ह करा, अंतराळात पाठवा, आडनाव तेवढं आमचं राहू द्या. पवार, काळे, भोसले आमचीही आडनावं आहेत.

आणि मराठीत माल नाही असं तर अजिबात नाही. लक्ष्मण मानेंचं उपरा १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या १९८७ चं, दोन्हींना साहित्य अकादमी मिळालं. अर्धं पुस्तक लहानपणच आहे त्यांत, गाढवांमागे चालणं, पहिल्यांदा शाळेत जाणं, भूक आहे पण खोड्यापण आहेत, आजी आहे, कुत्री आहेत. दलित आत्मकथनांत तर लहानपणाचा खजिना आहे. मोठ्यांनी ती वाचली, परिसंवाद केले, पण त्यातलं लहानपण मुलांसाठी कोणी फारसं काढून दिलं नाही. आणि मुलांनी लिहायचं म्हणाल तर मुक्ता साळवे, सावित्रीबाई-जोतीबांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तिचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला १८५५ साली. चौदा वर्षांच्या पोरीने थेट विचारलंय की आम्हाला धर्मग्रंथ वाचायची मनाई, मग आमचा धर्म कोणता. तेव्हा लहान मुलीचा आवाज छापणारं कोणीतरी होतं.

शहाद्याकडचे वाहरू सोनवणे, भिल्ल कवी, त्यांची स्टेज नावाची कविता मिळवून वाचा, मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी. आमचं दुःख दुसऱ्यांनीच स्टेजवर उभं राहून आम्हाला सांगितलं असं आहे तिच्यात. पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने आधी ती वाचावी असं मला वाटतं.

---

सह्यकडा

पालावरचा, वाचलं. आडनाव तेवढं आमचं राहू द्या, हे पटलं. माझं उत्तम पुस्तकं द्या हे म्हणणं अजूनही आहे, पण त्यात ही पण यायला हवीत हे मान्य. रानजाई, माझ्याकडे रशियन पुस्तकांचा मोठा संच आहे, चांगल्या स्थितीत, तो पाठवू का? आणि छपाईचा खर्च किती येतो ते सांगा, सगळ्या मुलांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती काढायच्या असतील तर तो भार मी उचलतो.

---

रानजाई

दोन्ही पाठवा, नक्की पाठवा. बर्फ बघितलेला नाही आमच्याही पोरांनी, त्यांना तो मिळायलाच हवा. बाकी सगळ्यांना मेसेज केलेत. हडसनकाठ ताई, आम्ही ट्रंकेतली पुस्तकं मोजायला घेतोय, कोण कोण आहे आणि कोण नाही असे रकाने करून, पाचवीच्या पोरींनाच ते काम दिलंय. झालं की इथे टाकते.

---

पाटीपेन्सिल

ताई एक राहिलं. जे काय करायचं ते दिवाळीच्या आत करा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई, पार रायगडपर्यंत, ती पावसाच्या तोंडावर परत येतात, आणि आश्रमशाळेत नाव असलं तरी बरीच पोरं आईबापासोबत जातात, धाकट्यांना सांभाळायला. त्यामुळे आधी त्याच पोरांची पुस्तकं घ्या, बाकीच्यांची नंतर झाली तरी चालतील. प्रत्येकाच्या दोन प्रती काढा, एक ट्रंकेत, एक त्याच्यासोबत भट्टीवर. सोबत दोन कोरी पुस्तकंही द्या दुमडून, पेन्सिल आणि शार्पनरसकट, भट्टीवरच्या गोष्टी तिथेच लिहून आणतील. झेरॉक्ससाठी काळी रेघ ठळक लागते, फिकट पेन्सिलचं उठत नाही, तेव्हा चित्रं झाली की वरून काळ्या स्केचपेनने गिरवून घ्या. मोठा स्टेपलर आमच्या केंद्रशाळेत आहे, बुधवारी जव्हारला येणार आहे तेव्हा घेऊन येतो.